हा कागद कुणाच्या टेबलावर ठेवणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३२, मेकॅनिकलमध्ये बी.ई. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात नऊ वर्षं नोकरी, हातात पगार ३८ हजार. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची, आई-वडील सोबत. गेल्या वर्षी पुण्याहून एमबीए झालेला, वयाने तीन वर्षांनी लहान माणूस यांच्यावर मॅनेजर म्हणून आला. तेव्हापासून यांनी ऑनलाइन एमबीएचा ध्यास घेतला आहे. एका खासगी विद्यापीठाचा कोर्स १ लाख ८० हजारांचा आहे. दुसरा एका अ‍ॅपवाल्या कंपनीमार्फत, परदेशी विद्यापीठाच्या नावाचा, बिझनेस आणि टेक्नॉलॉजीतला, साडेचार लाखांचा. काउन्सिलरचे रोज फोन येतात. वडील म्हणतात, ‘घरात बसून मोबाइलवर कसली डिग्री?’ यांचा प्रश्न असा: ऑनलाइन पदवी खरी धरतात का, दोन्हींतली कुठली घेऊ, की सरळ नोकरी सोडून दोन वर्षं पुण्याला जाऊ?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते एमबीएबद्दल वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चार पानांपैकी अडीच पानं त्या पुण्याच्या मॅनेजरवर खर्ची पडली आहेत. तो केबिनमध्ये कसा बसतो, मीटिंगमध्ये तुमचं बोलणं कसं तोडतो, मालक त्याला नावाने कसे हाक मारतात. एमबीएत काय शिकवतात, त्यातलं तुम्हाला काय शिकायचंय, याबद्दल मात्र एक ओळ नाही. रागवू नका. नऊ वर्षं वाळूत आणि धुरात काढलेल्या माणसाला असं वाटणारच.

पण एक विचारते. खुर्ची त्याला एमबीएमुळे मिळाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच ओघात लिहून गेलात, की तो आधी पाच वर्षं एका ट्रॅक्टरच्या कंपनीत परचेसला होता. म्हणजे तुमच्या मालकांनी पदवी आणली की गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलेला माणूस आणला? कास्टिंग विकत घेणारा काय बघतो, कुठे रेट तोडतो, कुठल्या कारणाने माल परत पाठवतो, हे आतून माहीत असलेला माणूस कुठल्याही फाउंड्रीवाल्याला हवाच असतो. उद्या तुम्ही तीच पदवी आणली तरी ती पाच वर्षं तुमच्याकडे येणार नाहीत.

मी शिरोलीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात २६ वर्षं काढली. मुलाखतींना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून नोंदी करायचं काम माझं. एकदा कागलकडचा एक डिप्लोमावाला मुलगा आला. त्याच्याकडे फाइल नव्हती, दोनशे पानी वही होती, कोपरे काळे झालेले. रोज शिफ्ट संपली की त्याने त्यात लिहिलेलं: कुठला पार्ट, किती ओतले, किती गेले, कशाने गेले. ब्लो होल, वाळू पडली, कोअर सरकला. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलने रुपये. आमच्या साहेबांनी वीस मिनिटं ती वही चाळली. त्याच दिवशी दुसऱ्याने प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सोळा सर्टिफिकेटं आणली होती. तीही पाहिली आम्ही, खोटं कशाला बोलू, पण सोळाव्यापर्यंत पोचायच्या आत साहेबांनी चहा मागवला.

वहीचं कौतुक म्हणून हे सांगत नाही, त्या पेन्सिलच्या रुपयांसाठी सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘मी रिजेक्शन नऊ टक्क्यांवरून सहावर आणलं, पण कुणाला किंमत नाही.’ तुम्ही टक्क्यांत बोलता आणि तुमचा मॅनेजर रुपयांत बोलतो. सगळी मेख इथेच आहे.

करून बघा. धरा, १२ किलोचा एक पार्ट आहे, महिन्याला ३,००० नग, भाव किलोला १०० रुपये. सहा टक्के म्हणजे १८० नग गेले, २,१६० किलो, विक्रीच्या भावाने २ लाख १६ हजार. तो माल परत भट्टीत जातो, म्हणून भंगाराचे किलोला ४० रुपये धरून ८६,४०० वजा करा. उरले १ लाख २९ हजार ६००, दर महिन्याला, एका पार्टवर. वीज, बाइंडर, फेटलिंगची मजुरी सगळं त्यात गेलं. आणि दोष तुमच्याकडे न सापडता गिऱ्हाइकाच्या मशीनवर सापडला तर भाडं, डेबिट नोट आणि नाव गेलं ते वेगळंच. आकडे मी मनाने धरलेत, खरे तुमच्याकडे आहेत. तुम्ही वाचवलेले तीन टक्के याच हिशोबात बसवा, महिन्याला ६४,८०० येतात. तीन महिन्यांची ही बचत तुमच्या १ लाख ८० हजारांच्या कोर्सच्या फीपेक्षा जास्त आहे. हे एका पानावर लिहून मालकांच्या टेबलावर ठेवलंय कधी?

एमबीएच्या पहिल्या वर्षात जे अकाउंटिंग आणि कॉस्टिंग शिकवतात, त्याचं मूळ हेच. कारखान्यात घडलेली गोष्ट पैशाच्या भाषेत सांगायची. ती भाषा तुम्हाला हवी आहे, आणि मला वाटतं खरोखरच हवी आहे. आता ती मिळवायला १ लाख ८० हजार आणि दोन वर्षं लागतात का, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचं उत्तर तो पदवीचा कागद तुम्ही कुणाच्या टेबलावर ठेवणार यावर आहे. सध्याच्याच मालकांच्या टेबलावर ठेवणार असाल तर आधी त्यांनाच विचारा: ‘मी एमबीए केलं तर मला कुठलं काम द्याल?’ पगाराचं विचारू नका, कामाचं विचारा. उत्तर ‘बघू की, करा तरी’ असं आलं तर ते उत्तर नाही, हे तुम्हीही जाणता. ‘कॉस्टिंग बघा, गिऱ्हाइकाकडे ऑडिटला चला’ असं आलं तर निम्मी फी कंपनी देईल का तेही लगेच विचारून टाका. आपल्याकडचे बरेच कारखाने घरचे आहेत. तिथे पॉलिसी नसते, पण मालकाच्या मनात आलं तर पैसे निघतात. बदल्यात दोनतीन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून मागतील. जायचं मनात असेल तर सही करू नका.

पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीच्या टेबलावर ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे अर्ज आधी संगणक चाळतो, आणि पदाच्या जाहिरातीत एमबीए लिहिलेलं असेल तर ते नसलेल्याला पुढे कुणी बघत नाही. तिथे पदवीचा उपयोग आहे. आणि वडिलांच्या टेबलावर ठेवायची असेल तर त्याकडे शेवटी येते.

आता पदवी खरी की खोटी याबद्दल. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०२० सालचे आहेत, आणि मान्यता असलेल्या संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण सगळा भार ‘मान्यता असलेल्या’ या शब्दांवर. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, त्या-त्या अभ्यासक्रमाला आणि त्या-त्या सत्राला असते. यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर यादी आहे. काउन्सिलरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट बघू नका, स्वतः उघडून बघा. २०२४-२५ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं. तो आयडी ‘आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. गांधीनगरात कापड घेताना आपण तागा उलगडून दारात उजेडात नेतो की नाही? तसंच.

आणखी काही खुणा. ऑनलाइन पदवीसाठी फ्रँचायझी पद्धतीला नियमांत जागा नाही. त्यामुळे ‘कोल्हापुरात आमचं सेंटर आहे, पेपरचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर चहासुद्धा न घेता उठा. इंजिनिअरिंगची पदवी या नियमांखाली ऑनलाइन देता येत नाही, एमबीए आणि एमसीए देता येतात. पदवी आणि ‘एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सर्टिफिकेट वाईट नसतं, पण जिथे पदव्युत्तर पदवी मागितली आहे तिथे ते चालत नाही, मग त्यावर केवढ्याही मोठ्या संस्थेचं नाव असो. आणि पावतीचा नमुना आधी मागा. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षणशुल्कावर जीएसटी नसतो. पावतीत १८ टक्के दिसले तर तुम्हाला पदवी विकली जातेय की दुसरं काहीतरी, हे तिथेच विचारा.

साडेचार लाखांच्या कोर्सबद्दल माझं मत विचाराल तर नको. परदेशी विद्यापीठांची ऑनलाइन पदवी म्हणजे फसवणूक असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स सुरू केली, सगळी मिळून सात हजार डॉलरच्या आसपास, आणि पदवी कॅम्पसवाल्यांना मिळते तीच. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये ऑनलाइन एमबीए काढलं आणि ते इतकं चाललं, की नंतर त्यांनी कॅम्पसवरचं पूर्णवेळ एमबीए बंद केलं. पण तिथे विद्यापीठ स्वतः प्रवेश देतं, स्वतः परीक्षा घेतं. तुमच्या पत्रात विद्यापीठाचं नाव एकदा येतं आणि अ‍ॅपच्या कंपनीचं सात वेळा, मी मोजलं. भारतातल्या अ‍ॅपवाल्या कंपन्यांशी हातमिळवणी करून दिल्या जाणाऱ्या परदेशी पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेला आहे. गोकुळ शिरगावच्या मालकाला त्याचं सोयरसुतक नसेलही, पण साडेचार लाख ही थोडी रक्कम नाही.

फोनबद्दल. ‘सर, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे.’ ऑनलाइन पदव्यांचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी-फेब्रुवारीच्या आणि जुलै-ऑगस्टच्या सत्राला. आजची संधी गेली तर सहा महिन्यांनी येते, आणि स्कॉलरशिपही तिच्याबरोबर परत येते, माझा शब्द. त्या बिचाऱ्या मुलांवरही टार्गेट असतं, त्यांच्यावर ओरडू नका. फक्त ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणाले की कागद मागा. बऱ्याचदा तो हप्ता विद्यापीठाचा नसतो, एका फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. कोर्स अर्धवट सोडला तरी हप्ते चालू राहतात. मला हे माहीत आहे, कारण मी स्वतः निवृत्तीच्या आधी ‘एचआर अ‍ॅनालिटिक्स’चा असाच एक कोर्स घेतला. तिसऱ्या महिन्यात सोडला आणि अकराव्या महिन्यापर्यंत पैसे भरले. यजमान अजून त्यावरून बोलतात.

तो सोडला का, तर वेळ. या बाबतीत सगळे स्वतःला फसवतात. ऑनलाइनमध्ये एक श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास असं धरलेलं आहे. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला निदान ८० श्रेयांक, म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास. मान्य, सगळे एवढा अभ्यास करत नाहीत. निम्मे धरा, तरी रोज दीडएक तास आणि रविवार. तुमची पहिली पाळी, घरी यायला पाच, हायवेवर उजळाईवाडीजवळ अडकलात तर साडेपाच. मग मुलगी. नऊनंतरचा दीड तास तुम्ही किती दिवस काढाल? लाइव्ह लेक्चर बहुतेक शनिवार-रविवारी ठेवतात, आणि आपल्याकडे लग्नंही रविवारीच असतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक करा. सरकारचं ‘स्वयम’ नावाचं व्यासपीठ २०१७ पासून आहे. तिथे एनपीटीईएलचे आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले आठ-बारा आठवड्यांचे कोर्स आहेत. बघायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर एका कोर्सला १,००० रुपये, आणि केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ‘सिक्स सिग्मा’ घेऊ नका. तुम्हाला ते येतं, म्हणून तुम्ही तेच घ्याल, हे मला माहीत आहे. अकाउंटिंग किंवा कॉस्टिंगचा घ्या, जो उघडायला जिवावर येतं तोच. बारा आठवडे असाइनमेंट वेळेत दिल्या आणि पेपरला बसलात, तर तुम्ही एमबीए पेलाल. चौथ्या आठवड्यात ‘सध्या फाउंड्रीत लोड आहे’ असं मनात आलं तर १,००० रुपयांत १ लाख ८० हजार वाचले. आणि मधल्या काळात ते रिजेक्शनचं पान तयार होईल ते वेगळंच.

एवढं करूनही करायचं ठरलं तर खासगी विद्यापीठावरच अडून राहू नका. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्र तुमच्या घरापासून गाडीवर पंधरा मिनिटांवर आहे. जाऊन काउंटरवर विचारा, या वर्षी कुठल्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे आणि फी किती. इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. त्यांची जाहिरात तुमच्या मोबाइलवर येत नाही, त्यामुळे ती डोळ्यांसमोर येत नाहीत इतकंच. नऊ वर्षांच्या अनुभवावर बसलेल्या पदवीवर नाव सरकारी विद्यापीठाचं आहे की खासगी, याने मुलाखतीत फार फरक पडलेला मी तरी पाहिला नाही. कॅम्पस प्लेसमेंटची स्वप्नं मात्र दोन्हीकडे बघू नका. ऑनलाइनवाल्याला ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे बहुतेक वेळा नोकऱ्यांच्या लिंकांचं ईमेल.

पुण्याचं काय? दोन वर्षं नोकरी सोडलीत की पगारच ९ लाख १२ हजार गेला, फी आणि खोलीभाडं अजून धरलेलं नाही. वय २३ असतं आणि सीईटीला उत्तम कॉलेज मिळण्याइतके गुण असते, तर ‘जा’ म्हटलं असतं. पूर्णवेळ एमबीएचा खरा फायदा असतो तो सोबतच्या साठ मुलांचा, दोन वर्षं एका मेसमध्ये जेवल्याचा, आणि तो मोबाइलवर कुणी देऊ शकत नाही. पण ३२व्या वर्षी, चार वर्षांची पोर घरी ठेवून, मधल्या फळीतल्या कॉलेजसाठी? मी नाही म्हणेन. ज्यांच्यावर घराची जबाबदारी नाही, किंवा ज्यांना फाउंड्री सोडून वेगळ्याच धंद्यात जायचंय, त्यांचं गणित वेगळं निघेल. तुम्ही ‘फाउंड्री सोडवत नाही, भट्टी सुटताना बघायला अजून आवडतं’ असं लिहिलंय.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात मालक आहेत, मॅनेजर आहे, वडील आहेत, काउन्सिलर आहे. पत्नीचं मत कुठेच नाही. दोन वर्षं रात्री नऊ ते साडेदहा तुम्ही लॅपटॉपसमोर असाल, तेव्हा मुलीला झोपवणार त्या, आणि सकाळी शाळेत वेळेवर पोचणारही त्याच. त्यांना ‘करू का?’ असं विचारू नका, त्या ‘करा’च म्हणतील. आठवड्याचे सात दिवस कागदावर मांडा आणि कुठल्या वेळी कोण काय करणार ते दोघांनी मिळून भरा. शिक्षिका आहेत, वेळापत्रक तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

आणि वडील. त्यांच्या शंकेला वेड्यात काढू नका. त्यांच्या पिढीने पैसे देऊन आणलेल्या डिग्र्या पाहिल्या आहेत. त्यांना यूजीसीचं परिपत्रक दाखवून उपयोग नाही. पहिल्या सत्राची परीक्षा घरून असेल तर त्या दिवशी त्यांना खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसवा. कॅमेरा चालू, मोबाइल बाहेर, तीन तास मान इकडेतिकडे करायची सोय नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघू दे. फक्त आधी बजावून ठेवा, की कौतुकाने चहा घेऊन आत येऊ नका. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं तर पेपरच अडकायचा.